बंगईसकट कन्याकुमारी

५ ऑगस्ट १९६२, रविवार

ट्रेलर पूर्ण झाला. सकाळी पॉलिशचा शेवटचा हात दिला आणि लांब उभं राहून पाहिलं. यवतमाळात असं काही झालेलं नाही. नागपुरातही नसावं. एका अमेरिकन मासिकात फोटो पाहिला होता, मोटारीच्या मागे जोडलेलं घर आणि दारात बसून कॉफी पिणारी मेमसाहेब. पण त्यांचं घर पत्र्याचं. आपलं अस्सल सागवानी. माणसाचं स्वतःचं फर्निचरचं दुकान असताना त्यानं पत्र्यात कशाला राहायचं?

आत पलंग, कपाट, देवघर, स्टोव्हसाठी ओटा, खिडक्यांना रंगीत काचा, आणि मधोमध पितळी साखळ्यांवर बंगई. बंगईवरून प्रभावतीशी मतभेद झाले. तिचं म्हणणं, चालत्या गाडीत झोपाळा कशाला. मी समजावलं की गाडी चालताना झोके आपोआप मिळतील, पायानं रेटा द्यायची गरज नाही. ती गप्प झाली. पटलं असावं.

नाव रंगवून घेतलं. चलनिवास.

७ ऑगस्ट, मंगळवार

लग्नानंतरच्या पहिल्या दिवाळीत मी प्रभावतीला समुद्र दाखवायचं कबूल केलं होतं. मग दुकान काढलं. मग मुलगी झाली. मग मुलगा. मग दुकानाचं छप्पर उडालं. दर वर्षी काहीतरी निघालं, त्यात माझा दोष नाही. यंदा तांदूळ निवडता निवडता ती म्हणाली, या वर्षी नाही नेलं तर मी माझी जाईन. मान वरसुद्धा केली नाही. मी हसलो. बाई माणूस, पांढरकवड्याच्या पुढे कधी गेली नाही.

कन्याकुमारी नक्की केलं. तिचं म्हणणं कुठलाही समुद्र चालेल, जवळचा. पण तिथं तीन समुद्र एकत्र येतात. पाहायचा तर एक कशाला?

समुद्र मला नवीन नाही. एकोणपन्नास साली लाकडाच्या कामासाठी मुंबईला गेलो होतो. कामाच्या गडबडीत प्रत्यक्ष समुद्राकडे जायला सवड झाली नाही, पण वास चांगला आला होता. शिवाय दुकानातल्या कॅलेंडरवर रोज दिसतो. प्रभावतीला त्याचं वर्णन इतक्या वेळा ऐकवलंय की मला तो तोंडपाठ आहे. निळाशार. लाट ताडाएवढी. पाणी खारट, पण जिभेला गोडसर चव मागे राहते.

निघायची तारीख पंधरा ऑगस्ट. सगळे सण बघून काढली. गणपती आणि महालक्ष्म्या मोठ्या भावाकडे असतात. मध्ये पोळा येतो, पण आपल्याकडे जीप आहे. बैलाशी आपला संबंध काय?

शेजारचा देवराव म्हणतो, ऑगस्टात पाऊस असतो. देवराव बसवर कंडक्टर आहे, त्यामुळे प्रवासातलं सगळं आपल्यालाच कळतं असा त्याचा समज. म्हणाला, घनश्यामभाऊ, पैनगंगा ओलांडली की कळवा. पैनगंगा म्हणजे आपल्या जिल्ह्याची हद्द! तिथून कसलं कळवायचं? हैदराबादेहून कळवीन.

१५ ऑगस्ट, बुधवार

झेंडावंदन करून निघालो. जीपच्या बॉनेटवर झेंडा. गल्ली लोटली होती.

आधी मुलांना त्यांच्या आजोळी बाभुळगावला सोडायचं, म्हणून उत्तरेकडे निघालो. देवरावनं विचारलं, कन्याकुमारी इकडून आहे का. उत्तर दिलं नाही.

त्रास एकच झाला. बंगई. प्रत्येक खड्ड्याला ती कपाटावर जाऊन आपटते आणि कपाटातून बशी पडते. बंगई काढणं हा उपाय नव्हे, ती डिझाईनचा आत्मा आहे. शेवटी प्रभावतीला आत बसवलं. ती बंगईवर बसून दोन्ही पायांनी कपाट धरून राहिली की बंगई हलत नाही. उत्तम सोय झाली. जीपमध्ये जागाही मोकळी होते.

रेडिएटर उकळलं, पण ते मिलिटरी डिस्पोजलची जीप असल्यामुळे. युद्धात तिनं बरंच सोसलेलं आहे.

१७ ऑगस्ट, शुक्रवार. बाभुळगाव

अजून इथंच. काल गावातली पोरं विचारून गेली, पिक्चर कोणता आणि कधी लागणार. टूरिंग टॉकीज वाटली त्यांना. मी सविस्तर समजावून सांगितलं, तरी संध्याकाळी बाया गोणपाटं घेऊन येऊन बसल्या. बराच वेळ उठल्या नाहीत.

सासूबाई, म्हणजे रुखमाबाई, ट्रेलरभोवती फिरल्या, आत डोकावल्या आणि लेकीला म्हणाल्या, "बाई, घरून निंघाली तं घर कायले संगं घेतलं?" मी ऐकून न ऐकल्यासारखं केलं. जुनी माणसं.

आज निघायचं म्हणून गल्लीत ट्रेलर वळवायला घेतला. रिव्हर्स घेतला. स्टिअरिंग डावीकडे फिरवलं की ट्रेलर उजवीकडे जातो, हा त्या ट्रेलरचा हेकेखोरपणा आहे. शेजाऱ्याच्या पऱ्हाट्यांच्या कुंपणातून आत गेला आणि त्यांच्या न्हाणीपाशी थांबला. न्हाणीत कुणीतरी होतं. चौदा-पंधरा माणसांनी उचलून बाहेर काढला. सागवान जड आहे असं प्रत्येकानं वेगवेगळं सांगितलं, जसं काही मला माहीत नाही.

निश्चय: यापुढे रिव्हर्स घ्यायचा नाही. माणसानं पुढे जावं.

२० ऑगस्ट, सोमवार

दक्षिणेला जायचं म्हणजे परत यवतमाळातूनच जावं लागतं. काळा गॉगल लावून, न थांबता गेलो. बसस्टँडपाशी देवराव पान खात उभा. ओरडून म्हणाला, झालं का कन्याकुमारी? इतक्या लवकर?

प्रभावती आत बंगईवर होती. तिला ऐकू गेलं असेल तर तिनं तसं दाखवलं नाही.

२१ ऑगस्ट, मंगळवार. करंजी, दुपारी

आज अत्यंत आनंदाचा दिवस. जीपचा पिकअप एकदम सुधारला. सकाळी घाट चढताना कण्हत होती. मध्येच एक झटका बसला आणि तिथून पुढे अशी निघाली की काय सांगू. काल कार्ब्युरेटर साफ केला त्याचा हा परिणाम. मेकॅनिक लोक उगाच फुशारकी मारतात, थोडं डोकं चालवलं की कुणालाही जमतं.

हॉटेलात चहा घेतला. प्रभावतीसाठी गरम भजी बांधून घेतोय. तिनं आज तोंडभर हसावं अशी इच्छा आहे.

त्याच दिवशी, संध्याकाळी

मागे ट्रेलर नव्हता.

भज्यांचा पुडा घेऊन मागे गेलो तेव्हा कळलं. तो झटका म्हणजे हुक तुटला तो. उलटा पळालो. मनात काय काय येत होतं ते लिहीत नाही. घाटाच्या पायथ्याशी ट्रेलर निंबाच्या झाडाला टेकून उभा होता. शेजारी बस थांबलेली. प्रभावतीनं स्टोव्ह पेटवून बसमधल्या उतारूंना चहा केला होता, आणि माझ्या घरात, माझ्या बंगईवर, पाय हलवत देवराव चहा पीत होता. त्याचीच बस.

तो काही बोलला नाही. बोलला असता तर बरं झालं असतं.

प्रभावती नुसतं एवढं म्हणाली की तिनं हाका मारल्या होत्या. डोळे लाल दिसत होते. स्टोव्ह भडकत असावा, नवीन पिन घालायला हवी. भजी गार झाली होती. तिनं खाल्ली.

२३ ऑगस्ट, गुरुवार. पांढरकवडा

हुक वेल्डिंग करून घेतला. वेल्डर गोविंदा म्हणाला, वजन कमी करा, कपाट तरी काढा. त्याला म्हटलं, तू वेल्डिंग कर.

रात्री जेवताना प्रभावतीनं सुचवलं की घर इथंच कुणाच्या अंगणात ठेवू आणि नुसत्या जीपनं जाऊ. हमरस्ता समोर आहे, पैनगंगेचा पूल जवळ आहे, उद्या पलीकडे असू. मी विचारलं, झोपायचं कुठं? म्हणाली, बाकीचे लोक झोपतात तिथं. बायकांना प्रवासातलं प्लॅनिंग कळत नाही, पण तिच्यावर रागावलो नाही. मंगळवारपासून तिच्यावर रागवायचं नाही असं ठरवलंय.

हमरस्त्यानं मात्र जाणार नाही. काल तीन ट्रकवाल्यांनी हॉर्न वाजवून चलनिवासला नमस्कार केला आणि हसत गेले. त्यापेक्षा माझ्या शाळेच्या ॲटलासमध्ये मुकुटबनवरून एक बारीक रेघ खाली जाते. आतला रस्ता. शांत, निसर्गरम्य आणि अंतर कमी.

२६ ऑगस्ट, रविवार. मुकुटबन

पाऊस. चलनिवास दोन ठिकाणी गळतो, पण फक्त पलंगावर आणि देवघरावर. बंगई कोरडी आहे.

बाजारात रस्त्याची चौकशी केली. सगळ्यांचं एकमत, रस्ता आहे. काही जण त्यापुढे, उन्हाळ्यात, असंही म्हणाले. प्रत्येकाच्या प्रत्येक शब्दाला धरून बसलं तर माणूस घराबाहेर पडणार नाही.

२८ ऑगस्ट, मंगळवार

रुतलो.

काळी माती. वरून रस्त्यासारखी दिसते. सकाळी चाकाला थोडी चिकटली तेव्हा प्रभावतीनं खिडकीतून सांगितलं, मागे घ्या. पण रिव्हर्सचा निश्चय. निश्चय म्हणजे निश्चय. पुढे घेतली. आता चलनिवासची चाकं दिसत नाहीत, आणि ओढून ओढून जीपची क्लचप्लेट जळाली. वास सगळ्या शिवारात गेला.

जवळच बंजाऱ्यांचा एक तांडा आहे. तिथले नाईक लालसिंग छत्री घेऊन स्वतः आले. मोठ्या अदबीनं रामराम केला, ट्रेलरला हात लावून पाहिला, लाकूड चांगलं आहे म्हणाले. मी सांगितलं, दोन बैलजोड्या पाठवा, अर्ध्या तासाचं काम. ते मला तांड्यात घेऊन गेले. घरोघर बैल धुऊन उभे होते आणि माणसं पळसाच्या पानानं त्यांच्या खांद्याला तूप-हळद चोळत होती. बैलाच्या कानाशी जाऊन प्रत्येक जण सांगत होता, आज आवतन घ्या, उद्या जेवाले या. खांदशेकणी. उद्या पोळा.

मी म्हटलं, अर्ध्या तासानं काय बिघडतं. लालसिंग हसले. "साहेब, आजपासून त्या खांद्यावर आमी माशी बसू देत नाई. तुमचं घर कुठून बसू देऊ?"

पोळा झाल्यावर पाहू म्हणाले. आणि परवा कर. तेव्हाही जुंपत नाहीत. म्हणजे एका सणासाठी देशाची सगळी वाहतूक बंद. अशानं राष्ट्र कसं पुढे जाणार? पत्र लिहायला हवं, कुणाला ते नंतर ठरवीन.

२९ ऑगस्ट, बुधवार. पोळा

निषेध म्हणून ट्रेलरमधून बाहेर पडलो नाही. बैल झुली घालून, शिंगं रंगवून, वाजतगाजत खिडकीसमोरून गेले. लाल काचेतून लाल दिसले. प्रभावती सकाळपासून तांड्यात. नाईकांची बायको सोनीबाई तिला हात धरून घेऊन गेली. बैलांना ओवाळताना लांबून दिसली. खूप दिवसांनी हसत होती. माझ्यासाठी पुरणपोळ्या पाठवल्या. निषेध चालू ठेवून चार खाल्ल्या.

दुपारी लालसिंगांची आई धनीबाई आली. अतिशय म्हातारी. हातात कोपरापर्यंत बांगड्या, कमरेत वाकलेली. न विचारता आत आली आणि बंगईवर बसली. आजपर्यंत ज्यांनी ज्यांनी बंगई पाहिली त्यातलं कुणीही इतकं नीट बसलं नव्हतं. मी डिझाईन समजावून सांगितलं. तिला त्यात रस नव्हता. कुठं चाललात विचारलं. समुद्राकडे म्हटल्यावर मात्र झोका थांबवला.

तिच्या सासऱ्याचा बाप बैलांवर धान्य लादून समुद्रापर्यंत जायचा आणि मीठ भरून परत यायचा म्हणे. शेकडो बैल. सगळ्यांत पुढे एक देवाचा बैल, त्याच्या पाठीवर ओझं नाही. तो बसला की तांड्याचा मुक्काम, तो उठला की निघायचं. मी म्हटलं, आमच्या जीपचंही तसंच आहे. ती हसली नाही. तिच्याबरोबरच परतलेली प्रभावती उंबऱ्यात बसून ऐकत होती. तिनं विचारलं, आजी, तुम्ही पाहिला का समुद्र?

धनीबाई म्हणाली, "नाई वं बाई. मीठ खाल्लं, पन पानी नाई पाह्यलं. आमच्या वक्तापासून बैल वावरात आले."

मी दोघींना समुद्राचं सविस्तर वर्णन ऐकवलं. निळाशार, ताडाएवढी लाट, गोडसर चव. धनीबाईनं सगळं ऐकून घेतलं आणि जाताना दाराशी थांबून चलनिवासकडे खालून वरपर्यंत पाहिलं. "घर पाठीवर घेऊन कोनी समुद्रापर्यंत गेलं नाई, बापा. आमी पालं घेऊन जात होतो." 

अनुभव जुना, पण सागवान तिला नवीन.

३० ऑगस्ट, गुरुवार. कर. सकाळी

उपाय सापडला. आश्चर्य वाटतं की इतक्या माणसांत कुणालाच सुचला नाही. पोळा बैलांचा. हेल्यांचा, म्हणजे रेड्यांचा, नाही! गावातल्या फकिराकडे हेल्यांची जोडी आहे, काळीभोर, हत्तीसारखी. त्यांच्या खांद्याला कुणी तूप लावलेलं नाही. भल्या पहाटे जाऊन त्याला विचारलं. तो म्हणाला, हेले नेता येतील, पण. पुढचं ऐकायला थांबलो नाही. प्रभावतीला आनंदाची बातमी द्यायची होती.

बोलता बोलता तिला सांगितलं की आजच पैनगंगा. ती म्हणाली, बरं. बरं हा शब्द ती अलीकडे वेगळाच म्हणते.

त्याच दिवशी, दुपारी

हेले खरोखर ताकदवान. पहिल्या झटक्यात चलनिवास मातीतून सुटला. टाळ्या पडल्या. मी बंगईवर उभा राहून खिडकीतून नमस्कार केला. प्रभावतीलाही आत बोलावलं होतं. ती म्हणाली, मी ट्रंक घेऊन चालत येते.

मग ऊन पडलं. मग हेल्यांना तांड्याचं तळं दिसलं.

फकिराचं पुढचं वाक्य असं होतं म्हणे: पण पाणी दिसलं की ते माझंही ऐकत नाहीत. हे त्यानं आधी सांगायला हवं होतं. तो म्हणतो, सांगतच होतो.

रस्ता सोडून ते सरळ उतरले. फकिरा शेपट्या धरून मागे, मी आत. आरडाओरडा केला. बंगईनं मला कपाटावर घातलं, कपाटानं उरलेल्या बशा माझ्यावर. मध्यावर पोचल्यावर दोघे हेले शांतपणे बसले. फक्त नाकपुड्या वर. पाणी उंबऱ्यातून आलं, ओटा बुडाला, बंगईच्या फळीपर्यंत चढलं आणि थांबलं. मी देव हातात घेऊन फळीवर उभा राहिलो. सगळा तांडा आणि अर्धं गाव काठावर. काल निषेधामुळे मी पोळा पाहिला नव्हता. आज त्यांनी मला पाहिलं.

प्रभावती काठावर ट्रंकेवर बसली होती. मी हात हलवला. तिनं मोठ्यानं म्हटलं, म्हणजे मला ऐकू यावं इतकंच:

"पाणी दाखवलं तुमी."

तिच्या स्वभावात टोमणा नाही. आभार मानले असावेत. पण मग पदर तोंडाला लावला आणि पाठ फिरवून बसली, ती हेले उठेपर्यंत. हेले संध्याकाळी उठले.

३१ ऑगस्ट, शुक्रवार

सण संपला. लालसिंगांनी शब्द पाळला. सहा जोड्या लावल्या. घर बाहेर आलं. चाकं आणि आस तळ्यात राहिली.

म्हणजे तत्त्वतः प्रवास थांबलेला नाही. चाकं काढायची, बसवायची, क्लचप्लेट मागवायची. पंधरा दिवस. फार तर महिना. प्रभावतीला हे सांगितलं तेव्हा ती ओली पातळं वाळत घालत होती. सोनीबाईनं तिला हाक मारली, ती गेली.

३ सप्टेंबर, सोमवार

आज जे घडलं ते नीट लिहून ठेवतो.

सोनीबाईचा मुलगा हरिसिंग रेल्वेत आहे, बल्लारशाहला. वणीला रेल्वे मिळते, पुढे बल्लारशाह, तिथून मद्रासची गाडी. मद्रासला समुद्र आहे. गावाच्या अंगालाच. गाडीत बसायचं, दुसऱ्या दिवशी उतरायचं, चालत जायचं. हे म्हणे सगळ्यांना माहीत होतं. मलाही माहीत होतं, फक्त या बाजूनं विचार केला नव्हता.

सोनीबाई निघाली आहे. म्हाताऱ्या सासूसाठी पाहून येते म्हणाली. लालसिंगांनी हरकत घेतली नाही. आणि प्रभावती तिच्याबरोबर जाणार आहे. विचारलं नाही. सांगितलं. आवाज चढवला नाही, तांदूळ निवडताना होता तोच.

मी म्हटलं, मीही येतो. म्हणाली, चलनिवासजवळ कोण राहील? हा प्रश्न बरोबर होता. एवढं सागवान उघड्यावर कसं टाकणार? तिनं माझ्याकडे थोडा वेळ पाहिलं. मी काहीतरी म्हणेन असं वाटलं असावं. मी म्हटलं, मद्रासला एकच समुद्र आहे, निराशा होईल.

४ सप्टेंबर, मंगळवार

गेल्या. प्रभावतीनं एक पिशवी घेतली. ट्रंक इथंच. सोनीबाई आरशांचा घागरा घालून, लग्नाला निघाल्यासारखी. बस येईपर्यंत उभा राहिलो. तिला सांगितलं, लाटेपासून लांब उभी राहा, ताडाएवढी असते. तिनं मान डोलावली.

वणीहून परत येतील. उद्यापर्यंत.

५ सप्टेंबर, बुधवार

आल्या नाहीत. वणीला गाडी चुकली असेल. उद्या.

७ सप्टेंबर, शुक्रवार

जेवण लालसिंगांकडे. भाकरी, मिरचीचा ठेचा. त्यांनी विचारलं, साहेब, तुमी काहून नाई गेले? मी म्हटलं, मला समुद्र नवीन नाही.

जेवण गेलं नाही. ठेचा तिखट होता.

स्टोव्हची पिन बदलली. तिला बरं पडेल.

९ सप्टेंबर, रविवार

धनीबाई रोज दुपारी येते, बंगईवर बसते आणि मी चाकांचे नकाशे काढत असताना रस्त्याकडे पाहत राहते. आम्ही बोलत नाही. आज तिनं विचारलं, पोचल्या असतील का आता पाण्याजवळ? मी हिशेब केला. पोचल्या असतील, म्हटलं. घर फार शांत आहे. बंगईच्या कड्या करकरतात, तेल द्यायला हवं.

लालसिंगांच्या शेळीनं आत दोन करडं दिली. तात्पुरती व्यवस्था म्हणून राहू दिलं आहे. बाहेर पाऊस होता.

निश्चय: प्रभावती आली की तिला चहा मी करून देणार.

१३ सप्टेंबर, गुरुवार

आली. उन्हानं काळवंडलेली, केसांत वाळू, पायांत नवीन चपला. मी चहा केला. दूध फाटलं. तिनं प्याला.

सोनीबाईनं तांड्यात बसून सगळं सांगितलं, हात पसरून पसरून. प्रभावतीनं पिशवीतून औषधाची बाटली काढली, बूच मेणानं बंद केलेलं. समुद्राचं पाणी. आधी धनीबाईला. म्हातारीनं बोट बुडवून जिभेला लावलं, डोळे मिटले, कितीतरी वेळ उघडले नाहीत. मग म्हणाली, खरंच हाय. उठली, काठी टेकत गोठ्यात गेली आणि लालसिंगांच्या मोठ्या बैलासमोर हात धरून त्यावर बाटली ओतली. बैलानं हात चाटून पुसून साफ केला. बाटलीतलं जवळजवळ सगळं त्यानं संपवलं. मी म्हटलं, अहो, जरा. पण कुणी ऐकलं नाही. धनीबाई त्याच्या कपाळाला कपाळ लावून उभी होती आणि रडत होती.

संध्याकाळी आम्ही दोघं चलनिवासमध्ये. ती बंगईवर, मी करडांना बाजूला सारून पलंगावर. मी विचारलं, कसा वाटला? आणि तिनं उत्तर द्यायच्या आत थोडं वर्णन मीच करून दिलं, निळाशार वगैरे. ती ऐकत राहिली. मग म्हणाली, निळा नव्हता. सकाळी आपल्या तळ्यासारखा मातकट होता, दुपारी कथलासारखा. लाट माणसाच्या छातीपर्यंत. भीती वाटली नाही. आणि गोडसर तर मुळीच नाही लागत, नुसता खारट, घशात ओढ बसते. मी म्हटलं, मद्रासचा असेल तसा.

तिनं पायानं बंगई थांबवली.

"एक सांगा. तुमी समुद्र पाह्यला हाये का कधी?"

मुंबईचं सांगायला तोंड उघडलं. वासाबद्दल. पण ती इतकी शांतपणे पाहत होती की काय सांगायचं होतं तेच विसरलो. मी म्हटलं, प्रश्न तो नाही. ती म्हणाली, बरं. यावेळचं बरं पूर्वीसारखं होतं.

पुढच्या वर्षी मी तुमाले नेईन, म्हणाली. गाडीनं. एक पिशवी. बंगई नाही. विचार करून सांगतो म्हटलं. एका पिशवीत काय काय बसतं हे तिला माहीत नाही, प्लॅनिंग करावं लागेल.

मग तिनं बाटली उचलून दिव्यासमोर धरली. तळाशी अजून थोडं होतं, बैलानं ठेवलेलं. तिनं माझा हात ओढून तळव्यावर उपडी केली. दोन थेंब पडले. मी चाटलं. खारट. भयंकर खारट. डोळ्यांत पाणी आलं.

मी म्हटलं, हो, असाच लागतो.

माझ्या हातावरचं उरलेलं करडू चाटत होतं, ते तिनं चाटू दिलं.